वीतभर माती

त्या वर्षी गारांनी बागेचा मोहोर झोडपून काढला आणि बागवाल्यानं एका सकाळी सगळ्या मजुरांना फाटकातूनच परत पाठवलं. झाडांवर काही उरलं नाही तर माणसांचं काय करू, एवढंच तो म्हणाला. धाकटा आणि त्याची बायको जेवणाचे डबे तसेच घेऊन घरी आली आणि दुपारी ते डबे घरातच बसून खाल्ले. कामावरचं जेवण घरात खाताना दोघांनाही चव लागली नाही.

धाकटा हे काही नाव नव्हे. मोठा भाऊ होता म्हणून तो धाकटा झाला आणि भाऊ गेल्यावरही धाकटाच राहिला. त्याची आई गेली तेव्हा वहिनी या घरात नुकती आलेली होती. तिनं याला कडेवर घेतलं ते तो जड होईपर्यंत उतरवलं नाही. बायका हसायच्या, की नवरी आली ती लेकरू घेऊनच आली. पुढं त्याचं लग्न झाल्यावर तिनंच वेगळं व्हायचं काढलं. चुली वेगळ्या असल्या की तोंडं गोड राहतात, असं म्हणून तिनं जुनं घर धाकट्याला ठेवलं आणि आपण गावाच्या टोकाला, दवाखान्याशेजारी, नवं बांधून राहिली. नवऱ्यामागं ती तिथं एकटीच असायची. मुलगा जहाजावर कामाला होता. सोबतीला एक शेळी.

गाव डोंगराच्या कुशीत होतं, त्यामुळं फोनला रेंज नव्हती. बोलायचं तर टेकडीवर चढायचं. वहिनीचे गुडघे धरल्यापासून तिचं टेकडीवर जाणं बंद झालं होतं. मुलगा कसा आहे ते तिला दुसऱ्यांच्या तोंडून कळायचं. म्हणून जमिनीखालून नेटची केबल येणार असं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त खूश तीच झाली. शाळेपासून निघून गल्लीतून, तिच्या अंगणाच्या कडेनं, केबल थेट दवाखान्यात जाणार होती. दवाखान्यात एक नर्स तेवढी असायची. केबल आली की तिला शहरातले डॉक्टर पडद्यावर दिसणार होते.

चर खणायचं काम धाकट्याला आणि त्याच्या बायकोला मिळालं. मांडीभर खोल चर, त्यात नळी टाकायची, नळीतून मागाहून केबल ओढायची, वर माती दाबायची. मुकादमानं खुणा केलेली एक काठी दाखवली. काठी या खुणेपर्यंत आत गेली पाहिजे, त्यात तडजोड नाही, असं त्यानं बजावलं. हे काम नीट झालं तर पलीकडच्या गावचंही तुम्हालाच, असंही म्हणाला.

शाळेकडून गल्लीपर्यंत माती मऊ होती. धाकटा पहारीनं उकरायचा, बायको फावड्यानं घमेलं भरून काठावर ओतायची. दोघांचा हात बसलेला होता. बोलावं लागत नसे. संध्याकाळी कंबर सरळ करताना बायको म्हणायची, आपण गावाच्या पोटात नाडी बसवतोय. तिला असलं काही सुचायचं आणि मग तिचं तिलाच हसू यायचं.

वहिनीच्या अंगणापाशी आल्यावर पहार ठण्णकन वाजली. वर वीतभर माती आणि खाली अखंड कातळ. दोघांनी सकाळभर घाव घातले तर निघाली टोपलीभर कपची. ऊन डोक्यावर आलं आणि बायकोची पहार दगडावरून उसळली, तिचं मनगट मुरगळलं. बघता बघता सुजून मनगट नि कोपर एकसारखं दिसायला लागलं. धाकट्यानं तिला घरी पाठवलं.

मुकादम मोटरसायकलवरून आला. उद्या केबलची गाडी येणार आहे, म्हणाला. जमत नसेल तर आत्ताच सांग, दगड फोडायचं मशीन मागवतो. पण मशीनवाल्यांची माणसं त्यांचीच असतात, पुढचं काम मग त्यांच्याकडंच जाईल. धाकटा म्हणाला, जमतंय. मुकादम गेला.

त्यानं आणखी थोडा वेळ घण चालवला. हाताला फोड आले होते ते फुटले आणि दांडा चिकट झाला. मग तो थांबला. अंगण रिकामं होतं, गल्लीत कुणी नव्हतं. त्यानं कातळावरची माती बाजूला केली, नळी दगडाच्या खाचेत जेमतेम बसवली, वरून माती ओढून पायानं दाबली, पाणी शिंपडून पुन्हा दाबली. कातळ जिथं संपत होता तिथं मात्र त्यानं चांगला खोल खड्डा ठेवला, मुकादमाला काठी घालून बघायला.

माती दाबत असतानाच वहिनी चहा घेऊन बाहेर आली. तिनं चराकडं बघितलं.

"लवकर झालं की रे."

"दगड पोकळ निघाला," तो म्हणाला.

"इथला?" वहिनी म्हणाली. "कुंपणाचे खांब रोवताना तुझ्या भावाची पहार वाकली होती इथं."

तो चहा पीत राहिला. असेल बाबा, असं म्हणून ती कप घेऊन आत गेली. संध्याकाळी मुकादम घाईत आला, ठेवलेल्या खड्ड्यात काठी घातली, मान हलवली आणि निघाला.

केबल आली. वहिनीच्या मुलानं पाठवलेल्या फोनवर, शेजारच्या दवाखान्याच्या नेटवरून, त्याचा चेहरा दिसला तेव्हा ती पदर डोक्यावर सारखा करत बसली. मुलगा हसून म्हणाला, आई, मी काय पाहुणा आहे? नंतर ती रोज अंगणात बसून त्याच्याशी बोलायची. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमच्या धाकट्यानं खणून आणलाय माझा पोरगा. हे ऐकलं की धाकटा दुसऱ्या गल्लीनं जायचा.

पलीकडच्या गावचं काम मुकादमानं कबूल केल्याप्रमाणं दिलं. बायकोचं मनगट बरं झालं, पण पूर्वीसारखं वळत नव्हतं. घमेलं उचलताना ती डाव्या हातानं उजव्याला आधार द्यायची. धाकट्याला वाटायचं, दगड लागताच मशीन मागवलं असतं तर हा हात शाबूत राहिला असता आणि ते दुसरंही झालं नसतं. पण जमीन काही बोलत नव्हती. हळूहळू तो अंगणासमोरून जाताना खाली बघेनासा झाला.

पावसानंतर अंगणाच्या कडेला गवत उगवलं. वहिनीनं शेळी तिथं बांधायची ठरवली. लाकडी खुंटी कुजली होती, म्हणून लोखंडी खुंटी घेतली आणि गोट्यानं ठोकली. दोन घाव सहज गेले, तिसऱ्याला काहीतरी कुरकुरलं. दगड लागला असेल असं समजून तिनं आणखी एक घाव घातला.

त्याच वेळी दवाखान्यात सुतार आपल्या पोरीला घेऊन बसला होता. पोरीला ताप चढून झटके येत होते. पडद्यावर शहरातली डॉक्टरीण नर्सला सांगत होती, कुठलं औषध, किती, कुठं टोचायचं. तिचं तोंड उघडं राहिलं आणि पडदा तसाच थांबला. नर्सनं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, वायरी काढून पुन्हा लावल्या. शेवटी तिला सुचलं तेवढं तिनं केलं आणि पोरीला दुधाच्या गाडीत घालून तालुक्याला पाठवलं. सुतार गाडीच्या मागच्या फळीवर, रिकाम्या कॅनांच्या मधे पोरीला धरून बसला होता. वळणावर कॅन एकमेकांवर आपटल्याचा आवाज वहिनीनं अंगणातून ऐकला. कोण आजारी आहे, असं तिनं गल्लीतल्या बाईला विचारलं.

पोर वाचली. पण ते कळायला दोन रात्री गेल्या, आणि तोवर केबल कुठं तुटली ते गावाला कळलं होतं.

मुकादम तपासायचं यंत्र घेऊन आला. यंत्रानं सांगितलं तेवढं अंतर मोजत तो वहिनीच्या अंगणाशी आला तर समोर खुंटी. जागा उघडी करायला त्यानं धाकट्याला निरोप धाडला आणि स्वतः तारा जोडणाऱ्याला आणायला गेला. धाकटा निरोप मिळताच सगळ्यांच्या आधी पोचला. कुदळीनं माती ओढताना त्यानं ती दोन्ही काठांवर उंच रचली, थापून थापून रचली. गाव जमेपर्यंत खड्डा चांगला खोल दिसायला लागला होता. खाली नळी फुटलेली, आत केसासारख्या बारीक काचेच्या तारा तुटून बाहेर आलेल्या.

मुकादमानं खुंटी उपटून हातात घेतली. ती त्याच्या कोपरापर्यंतही पोचत नव्हती.

"ही एवढीशी खुंटी तिथवर गेली कशी?" त्यानं विचारलं.

विचारताना तो धाकट्याकडं बघत होता. काठी घालून खोली तपासल्याची कागदावरची सही त्याचीच होती, त्यामुळं आवाज त्यानं फार चढवला नाही. धाकटा खड्ड्यात उभा होता. त्यानं नळीवरची माती बोटांनी झटकायला सुरुवात केली.

"मी खड्डा केला होता आधी," वहिनी मागून म्हणाली. "खुंटी हलत होती. खड्डा करून मग ठोकली."

मुकादमानं सुस्कारा सोडला. आजी, असं करायचं नाही, विचारायचं, असं काहीबाही बोलून त्यानं तारा जोडणाऱ्याला पुढं बोलावलं. धाकटा माती झटकतच राहिला. झटकण्यासारखी माती तिथं उरली नव्हती.

सुतार पोरीला घेऊन परतला तो घरी जायच्या आधी वहिनीच्या दारात आला. पोर खांद्यावर झोपली होती. तो ओरडला नाही. "वहिनी," तो म्हणाला, "तुमची शेळी राहिली ना जिवंत? झालं मग." एवढं बोलून तो गेला. वहिनी दाराला धरून उभी राहिली. तिनं त्याच्या पाठीमागून पोरीचं नाव घेऊन हाक मारली, पण तो वळला नाही.

मग गावानं जे करायचं ते केलं. शिव्या कुणी दिल्या नाहीत. दुकानदारानं तिला खिळे मागायला आलेली पाहून विचारलं, आता कुणाची लाइन तोडताय? दुकानात होते ते हसले, तीही हसली. नर्सनं नरमाईनं सांगितलं, की शेळी जरा मागच्या बाजूला बांधत जा. शाळेतली पोरं तिच्या अंगणावरून जाताना पाय उचलून उचलून चालायची, जणू जमिनीत सुरुंग आहे.

आणि घरच्यांनीही सोडलं नाही. धाकटा ओसरीवर फावड्याला दांडा बसवत होता तेव्हा वहिनी काहीतरी द्यायला आली. त्याच्या बायकोनं ते हातात घेतलं नाही.

"जाऊबाई, माझा हात बघा," ती म्हणाली. "अजून वळत नाही. त्या चरापायी गेला. रक्ताचं पाणी केलं आम्ही दोघांनी, आणि तुम्ही एका शेळीसाठी पोराबाळांच्या जिवावर उठलात. एकदा विचारायचं तरी."

वहिनीनं तो हात आपल्या हातात घेऊन खरंच बघितला. मनगटावरून अंगठा फिरवला.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

वयानं, मानानं मोठी बाई आपल्या धाकट्या जावेला म्हणाली, चुकलं माझं. धाकटा दांड्यात पाचर ठोकत होता. तो ठोकतच राहिला. पाचर केव्हाच बसली होती. पुढच्या घावाला दांडा उभा चिरला.

त्यानंतर त्याला जेवण जाईना. काम करताना ठीक असायचं, पण बसला की अंगणातली ती जागा डोळ्यांसमोर यायची. जोडलेली केबल अजून तशीच वीतभर मातीखाली होती. उद्या कुणी कुंपणाची काठी रोवली, पोरांनी गोट्या खेळायला गल उकरली, तर पुन्हा तेच. पुन्हा ती म्हणेल, मीच. तो रोज मनाशी म्हणायचा की आज सांगू. मग बायको हात धरून घमेलं उचलायची आणि तो पुन्हा पहार उचलायचा.

वहिनीनं शेळी विकली. व्यापारी शेळी घेऊन निघाला तेव्हा धाकटा कामावरून परतत होता. शेळी पाय रोवून मागं ओढत होती आणि वहिनी मागून तिला पुढं लोटत होती, जा गं बाई, जा, असं म्हणत. व्यापारी वळणाआड गेला. वहिनीनं दावं गुंडाळून हातात धरलं, कुठं ठेवावं ते कळेना म्हणून तशीच उभी राहिली. तिनं धाकट्याला पाहिलं. विचारलं, दमलास का रे?

घरी गेल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. चुलीपाशी बसून, भांड्यांकडं बघत, एका दमात. कातळ कसा होता, नळी कुठं ठेवली, काठ कसे उंच केले, वहिनी काय म्हणाली आणि तो काय म्हणाला नाही. बायकोनं मध्ये एकदाच विचारलं, "मी त्यांना बोलले तेव्हा तू तिथंच होतास ना?" तो हो म्हणाला. तिनं ताट त्याच्यासमोर सरकवलं, चपला घातल्या आणि वहिनीकडं गेली. त्या दिवसापासून ती तिथंच झोपायला लागली. कुणी विचारलं तर सांगायची, जाऊबाईंचे गुडघे दुखतात.

सकाळी तो सुताराकडं गेला. सुतार फळीला रंधा मारत होता. पोर बाजूला भुशात बसून कुरळ्या साली गोळा करत होती. धाकट्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मार खायची तयारी करून गेला होता. मारलं असतं तर बरं, असंही त्याला वाटत होतं. सुतारानं रंधा बाजूला ठेवला.

"मोकळा झालास?" त्यानं विचारलं.

सुतारानं फळीवरचा भुसा हातानं पुसून काढला.

"तू झालास मोकळा. मी त्या बाईला दारात जाऊन बोललो ते आता कुठं नेऊन टाकू? तेवढं सांग आणि जा."

पोरीनं एक साल धाकट्यापुढं धरली, ती घेऊन तो निघाला.

मुकादमाला त्यानं टेकडीवर जाऊन फोनवर सांगितलं. मुकादमानं आधी त्याला गप्प राहायला सांगितलं, मग शिव्या दिल्या. कातळ फोड, माझ्या काठीइतका फोड, माझ्या खर्चानं नाही, आणि यापुढं माझ्याकडं कामाला येऊ नकोस, तुझी बायकोही नको. बायकोचं काय चुकलं, असं धाकटा विचारणार होता, पण त्यानं विचारलं नाही.

मग तो वहिनीकडं गेला. ती धान्य निवडत होती, बायको आत होती. वहिनीला सगळं कळलं होतं, म्हणजे तिला पहिल्यापासूनच कळलेलं होतं. तो तिच्या पायांशी बसला. चुकलो, असं म्हणायचं ठरवून आला होता, ते तिनं म्हणू दिलं नाही.

"खोटं मी माझ्या मनानं बोलले," ती म्हणाली. "त्याचं ओझं तुझ्यावर नाही. तुझं काम जाऊ नये, एवढंच डोक्यात आलं. पण मी बोलले आणि तू माती झटकत बसलास. एकदा वर बघितलं असतंस, धाकट्या, तर मला पुढचं सगळं सोसलं असतं."

ती पुन्हा निवडायला लागली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "जा. ऊन चढायच्या आधी सुरू कर."

तो कातळ फोडायला लागला. सावधपणे नळी बाजूला घ्यायची, दगडात छिन्नीनं ओळीनं भोकं पाडायची, पाचरी बसवायच्या, घण घालायचा. कधी चीर जायची, कधी नुसतीच ठिणगी उडायची. कपच्या पिंढरीला लागून रक्त वाळायचं. गाव बघून जायचं. दुकानदारानं विचारलं, पुन्हा तुटली का? धाकट्यानं घण खाली ठेवला आणि त्याला पहिल्यापासून सांगितलं. येईल त्याला तो सांगत गेला. काही जण च्च करून गेले, काहींनी अंगणातल्या वहिनीकडं बघितलं आणि नजर वळवली. शाळेची पोरं आता चराच्या काठावरून नुसतीच धावत जायची. दुकानदारानं वहिनीकडं कसलासा पुडा पाठवला. तिनं तो उघडलाही नाही, कोनाड्यात ठेवून दिला.

बायको अंगणात यायची, कपडे वाळत घालायची, झाडायची. झाडताना चराशी आली की केरसुणी तिथूनच वळवायची.

चर गुडघ्याइतका झाला होता तेव्हा एका संध्याकाळी सुतार आला. कुंपणाशी बराच वेळ उभा राहिला. वहिनी दारात बसली होती. तिच्याकडं जायचं म्हणूनच तो आला होता हे उघड होतं. अंगात धुतलेला सदरा होता. दोनदा त्यानं पाऊल उचललं. मग सदरा काढून कुंपणावर टाकला, चरात उतरला आणि धाकट्याच्या हातातला घण घेतला. धाकट्यानं छिन्नी धरली. सुताराचा घाव लाकडावरचा, जरा तिरका पडायचा, पण जोर होता. अंधारून आलं, छिन्नीचं डोकं दिसेना, तेव्हा सुतार थांबला. दोघंही चरातच उभे राहिले. वर यायचं तर दारासमोरून यावं लागणार होतं.

वहिनीनं धाकट्याच्या बायकोला हाक मारली. "सुताराच्या हातावर पाणी घाल," ती म्हणाली. "आणि त्याला म्हणावं, उद्या पोरीला घेऊन ये. बघितलं नाही तिला किती दिवसांत."

बायको तांब्या घेऊन आली. सुतार चरातून वर आला आणि तिच्यासमोर वाकला. तिनं डाव्या हातानं उजव्या मनगटाला आधार देत हळूहळू पाणी घातलं. त्यानं हात धुतले, तोंड धुतलं, ओलं तोंड वर करून दाराकडं बघितलं आणि वहिनीला म्हणाला, आणतो. वहिनीनं मान हलवली.

मग बायकोनं तांब्या चराच्या काठावर ठेवला आणि ती आत गेली.

धाकटा वर आला. त्यानं तांब्या उचलला आणि आधी एका हातावर पाणी ओतलं, मग तांब्या दुसऱ्या हातात घेऊन दुसऱ्यावर. बरंचसं पाणी मातीत गेलं. आत दिवा लागला होता, वहिनी फोनवर मुलाशी बोलत होती. इथं सगळे बरे आहेत, ती त्याला सांगत होती. धाकटा तांब्या दारात ठेवायला गेला, उंबऱ्याशी थांबला आणि बाहेरच ठेवून परत फिरला.